पडद्यावरची ‘दिल्ली’ आणि कराराचे वजन

‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ हा मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीचा १९५६ सालचा इंग्रजी चित्रपट. दुसऱ्या महायुद्धातील पहिल्या मोठ्या सागरी लढाईची ही कथा आहे. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेत, प्लेट नदीच्या मुखाबाहेर ही लढाई झाली. एका बाजूला ‘ॲडमिरल ग्राफ स्पे’ ही जर्मन युद्धनौका होती आणि दुसऱ्या बाजूला ‘एक्झिटर’, ‘एजॅक्स’ व ‘अकिलिस’ या तीन क्रूझर नौका.

विज्ञानाच्या मासिकात एका जुन्या युद्धपटाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, या चित्रपटात ‘अकिलिस’ची भूमिका खुद्द ‘अकिलिस’नेच केली आहे आणि चित्रीकरणाच्या वेळी ती भारतीय नौदलाची ‘आय.एन.एस. दिल्ली’ होती. ५ जुलै १९४८ रोजी ती भारताच्या ताब्यात आली, तीस वर्षे भारतीय नौदलात राहिली आणि १९७८ साली मुंबईत सेवेतून निवृत्त होऊन मोडीत निघाली. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. या लढाईतील प्रत्येक जहाजाचा आराखडा कुठल्या ना कुठल्या कराराच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याने ठरवला होता. चित्रपट माणसांबद्दल पुष्कळ सांगतो, परंतु या आकड्याबद्दल आपल्या हाती फारसे काही देत नाही. ती उणीव वर्गात भरून काढता येईल का, हे आम्हाला पाहायचे आहे.

कुरखेड्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथल्या पुष्कळ मुलांनी पाण्यावर चालणारे वाहन पाहिले असेल ते म्हणजे नदीतला डोंगा. तेव्हा युद्धनौकांचा विषय आमच्या शाळांना परका वाटणे साहजिक आहे. पण ठरलेल्या वजनात काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा प्रश्न आमच्या मुलांना परका नाही. धानाची पोती भरणाऱ्या ट्रकला पासिंगची मर्यादा असते, आणि डोंग्यात एक माणूस जास्त बसला की डोंगा किती खाली जातो हे नावाड्याला मोजपट्टीवाचून कळते. युद्धनौकेचा आराखडा म्हणजे हाच प्रश्न, फक्त फार मोठ्या आकड्यांत.

चित्रपटाचे गुण

आधी चांगले ते सांगू. चित्रपटात खरी जहाजे आहेत आणि खरा समुद्र आहे. भूमध्य समुद्रात चालत्या युद्धनौकांवर केलेले चित्रीकरण आजही डोळ्यांत भरते. जहाज वळताना कसे कलते, धुराचा पडदा कसा पसरतो, जवळ पडलेल्या गोळ्याने पाण्याचा स्तंभ कसा उठतो, हे पुस्तकातल्या आकृतीवरून कळत नाही ते इथे कळते. लढाईचा बराच भाग ब्रिटिश जहाजांच्या ब्रिजवरून, म्हणजे कप्तान उभा असतो त्या उंच जागेवरून दिसतो. त्यामुळे काही किलोमीटर अंतरावरचा शत्रू म्हणजे क्षितिजावरची एक काळी रेघ असते, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसते.

दुसरा गुण म्हणजे शत्रूला दिलेला न्याय. ‘ग्राफ स्पे’चा कप्तान हान्स लँग्सडॉर्फ याची भूमिका पीटर फिंच यांनी केली आहे. लँग्सडॉर्फने आपल्या सफरीत नऊ व्यापारी जहाजे बुडवली, पण त्यांवरच्या एकाही खलाशाचा जीव जाऊ दिला नाही. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे झाली असताना ब्रिटिश दिग्दर्शकांनी जर्मन कप्तानाचे हे माणूसपण पडद्यावर आणले, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

आता आमची तक्रार. ती समजण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडे गणित लागेल.

कागदावरचा आकडा

पहिल्या महायुद्धानंतर बड्या राष्ट्रांमध्ये मोठमोठ्या बॅटलशिप बांधण्याची नवी स्पर्धा सुरू होऊ घातली होती. तिचा खर्च कुणालाच झेपणारा नव्हता. म्हणून १९२२ साली वॉशिंग्टन येथे ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स आणि इटली यांनी करार केला. बॅटलशिप ३५,००० टनांहून जड नसावी आणि तिच्या तोफेचा व्यास ४०६ मिलिमीटरहून अधिक नसावा. क्रूझर १०,००० टनांच्या आत असावी आणि तिच्या तोफा २०३ मिलिमीटरपर्यंतच असाव्यात. जहाजाचे वजन म्हणजे नेमके काय, याची व्याख्याही कराराने केली. दारूगोळा, माणसे, अन्न सगळे धरायचे, परंतु इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी वगळायचे. याला ‘स्टँडर्ड’ वजन म्हणतात.

१९३० च्या लंडन कराराने क्रूझरचे दोन वर्ग केले आणि प्रत्येक राष्ट्राला प्रत्येक वर्गात एकूण किती टन बांधता येतील हेही ठरवले. १५५ मिलिमीटरपर्यंतच्या तोफांच्या हलक्या क्रूझरसाठी ब्रिटनच्या वाट्याला एकूण १,९२,२०० टन आले. ब्रिटनला जगभरचे सागरी मार्ग राखायचे होते, म्हणजे त्याला जहाजांची संख्या हवी होती. एकूण टन ठरलेले असतील तर संख्या वाढवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रत्येक जहाज लहान करणे. सुमारे ७,००० टनांच्या, १५२ मिलिमीटरच्या आठ तोफांच्या ‘लिअँडर’ वर्गाच्या नौका या गणितात नेमक्या बसत होत्या. ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलिस’ त्याच वर्गातल्या सख्ख्या बहिणी. ‘अकिलिस’चे जलावतरण १ सप्टेंबर १९३२ रोजी झाले. ‘एक्झिटर’ ही त्याआधीची, २०३ मिलिमीटरच्या सहा तोफांची क्रूझर.

जर्मनीवरचे बंधन वेगळे होते. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने तिला तिच्या जुन्या बॅटलशिपऐवजी नवी जहाजे बांधायची झाल्यास १०,००० टनांची मर्यादा घातली होती. एवढ्या वजनात खरी बॅटलशिप होऊच शकत नाही, फार तर किनाऱ्याचे रक्षण करणारे एखादे संथ जहाज होईल, अशी विजेत्यांची समजूत होती. जर्मन अभियंत्यांनी या समजुतीला वळसा घातला. त्यांनी २८३ मिलिमीटरच्या सहा तोफा घेतल्या, त्या दोनच टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या तोफबुरुजांमध्ये बसवल्या, सांगाडा रिव्हेटऐवजी मोठ्या प्रमाणावर वेल्डिंगने जोडून वजन वाचवले आणि वाफेच्या टर्बाइनऐवजी आठ डिझेल इंजिने बसवली. डिझेलमुळे इंधन कमी लागले आणि पल्ला प्रचंड वाढला. वेग २८ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ५२ किलोमीटर. सूत्र सोपे होते. जे आपल्याहून बलवान त्याच्यापासून पळता यावे, आणि जे आपल्याहून वेगवान त्याला तोफांनी हरवता यावे. इंग्रजी वृत्तपत्रांनी या जातीला ‘पॉकेट बॅटलशिप’ असे नाव दिले.

मात्र या हुशारीत एक खोट होती. जाहीर केलेले वजन १०,००० टन असले तरी ‘ग्राफ स्पे’चे खरे वजन १२,००० टनांच्या वर होते. धानाच्या काट्यावर अशा प्रकाराला आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात.

चुकीच्या देहातील नायक

आता चित्रपटाकडे वळू. ‘ग्राफ स्पे’ची भूमिका चित्रपटात ‘सेलम’ या अमेरिकन क्रूझरने केली आहे. ‘सेलम’ १९४९ साली नौदलात आली. तोवर करार इतिहासजमा झाले होते. तिचे वजन सुमारे १७,००० टन, लांबी २१८ मीटर, आणि तिच्यावर तीन टरेट. खऱ्या ‘ग्राफ स्पे’ची लांबी १८६ मीटर आणि टरेट दोन. ‘ग्राफ स्पे’ आपले रूप बदलून वावरत असे, लाकूड आणि कॅनव्हासचे खोटे टरेट व खोटे धुराडे उभारत असे, हे खरेच आहे. त्यामुळे जादा टरेटचा दोष तेवढा कडक धरता येणार नाही. पण वजनाचे काय?

पडद्यावर जे दिसते ते असे: एक अवाढव्य जहाज आणि त्याला भिडणारी तीन छोटी जहाजे. राक्षस आणि बटू. ही प्रतिमा मनात घर करते आणि लढाईची सारी कथा धैर्याची होऊन बसते. धैर्य होतेच. पण खरे आकडे शेजारी ठेवा. ‘ग्राफ स्पे’ १८६ मीटर, ‘एक्झिटर’ १७५ मीटर, ‘अकिलिस’ १६९ मीटर. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान जहाजांत सतरा मीटरांचाच फरक. म्हणजे समुद्रावर जवळपास सारख्या लांबीची जहाजे एकमेकांसमोर आली होती. वेगळी होती ती आतल्या वजनाची वाटणी. एकाने तोफा आणि पल्ला घेतला, वेग थोडा सोडला. दुसऱ्याने वेग घेतला, लहान तोफा पत्करल्या, चिलखत पातळ ठेवले. १७,००० टनांचे जहाज १०,००० टनांच्या मर्यादेतून जन्मलेल्या जहाजाची भूमिका करते तेव्हा ज्या मर्यादेने त्या जहाजाला घडवले ती मर्यादाच पडद्यावरून नाहीशी होते.

तोच प्रकार इतरत्रही आहे. ‘एजॅक्स’ची भूमिका ‘शेफिल्ड’ने केली आहे. ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलिस’ या दोघींना एकेकच धुराडे होते. ‘शेफिल्ड’ला दोन धुराडी आणि तीन-तीन तोफांचे टरेट आहेत. त्यामुळे सख्ख्या बहिणी पडद्यावर परक्या दिसतात. ‘एक्झिटर’ झाली आहे ‘जमेका’. ही हलकी क्रूझर, म्हणजे तिच्या तोफा १५२ मिलिमीटरच्या. पुढे ‘आय.एन.एस. मैसूर’ या नावाने भारताकडे आलेली ‘नायजेरिया’ ही ‘जमेका’च्याच वर्गातली.

राहिली आपली ‘दिल्ली’. तीही १९३९ मधली हुबेहूब ‘अकिलिस’ नव्हती. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वादालकनाल बेटाजवळ विमानातून पडलेल्या बॉम्बने तिचा मागचा एक टरेट निकामी केला आणि तेरा खलाशी मारले गेले. त्या टरेटच्या जागी नंतर विमानविरोधी तोफा आल्या. म्हणून चित्रपटात तिच्यावर चारऐवजी तीन टरेट दिसतात. तरीसुद्धा, कराराच्या काळातील मापाचे खरे जहाज पाहायचे तर या चित्रपटात तिच्याकडेच पाहावे. तिचा सडपातळ देह, एकच रुंद धुराडे आणि जोड्या-जोड्यांनी बसवलेल्या लहान तोफा यांत १९३० चा लंडन करार वाचता येतो.

कुणी म्हणेल, जर्मन जहाज समुद्रतळाशी पडले होते, मिळाले ते जहाज घेऊन चित्रपट काढला, यात दिग्दर्शकांचा काय दोष? मान्य. दोष जहाज निवडण्याचा नाही. पण पडद्यावर जे दाखवता आले नाही ते संवादातून समजावता आले असते. बंदी कप्तान डव्ह आणि लँग्सडॉर्फ यांच्या प्रसंगांत त्याला भरपूर जागा होती.

तोफगोळ्याचे गणित

लढाईचा निकाल कसा लागला, हे चित्रपटात डावपेच आणि मनोबळ यांच्या भाषेत येते. तेच आता वजनाच्या भाषेत पाहू. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जमेल.

तोफगोळ्याचा आकार सारखाच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होते, कारण घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ‘अकिलिस’च्या १५२ मिलिमीटरच्या गोळ्याचे वजन ५१ किलो. यावरून २०३ मिलिमीटरच्या गोळ्याचे वजन काढा. २०३ भागिले १५२ म्हणजे १.३४, त्याचा घन सुमारे २.४, म्हणजे उत्तर १२१ किलो. ‘एक्झिटर’च्या गोळ्याचे खरे वजन ११६ किलो होते. २८३ मिलिमीटरसाठी उत्तर येते सुमारे ३२९ किलो, आणि ‘ग्राफ स्पे’चा गोळा होता ३०० किलोचा. अंदाज आणि वास्तव यांत दहा टक्क्यांचाही फरक नाही.

आता सर्व तोफा एकदम उडाल्या तर किती वजनाचा मारा होईल? ‘ग्राफ स्पे’च्या सहा तोफांचा १,८०० किलो. ‘एक्झिटर’चा ६९६ किलो, आणि ‘एजॅक्स’ व ‘अकिलिस’ यांचा प्रत्येकी ४०८ किलो. तिघींचा मिळून १,५१२ किलो. तीन जहाजे एकत्र येऊनही एकाची बरोबरी होत नाही. पण थांबा. मोठी तोफ भरायला वेळ लागतो. ती मिनिटाला फार तर दोन-अडीच वेळा उडते, १५२ मिलिमीटरची तोफ मात्र पाच-सहा वेळा उडू शकते. मिनिटामागे हिशेब केला तर चित्र पालटते. ‘ग्राफ स्पे’ मिनिटाला सुमारे ३,६०० किलो, आणि नुसत्या दोन हलक्या क्रूझर मिनिटाला चार हजार किलोंच्या वर.

म्हणजे क्रूझर वरचढ होत्या का? तसेही नाही. ५१ किलोचा गोळा जाड चिलखत फोडू शकत नाही, ३०० किलोचा गोळा क्रूझरच्या आरपार जाऊ शकतो. ‘एक्झिटर’चे झालेही तसेच. तिचे टरेट एकामागून एक बंद पडले, ब्रिज उद्ध्वस्त झाला, आणि शेवटी ती कशीबशी फॉकलंड बेटांकडे निघून गेली. पण जहाजातले सगळेच काही चिलखताच्या आड नसते. ठरलेल्या वजनात सगळे झाकायला पोलाद पुरत नाही. ‘ग्राफ स्पे’ची इंजिने आणि तोफा शाबूत राहिल्या, परंतु स्वयंपाकघर, गोडे पाणी करणारे यंत्र आणि डिझेल तेल शुद्ध करणारी व्यवस्था यांची नासधूस झाली. ज्या डिझेल इंजिनांनी तिला जगभर फिरण्याची ताकद दिली, त्यांना शुद्ध तेल लागते, आणि ते शुद्ध करणारी यंत्रणा उघड्यावर होती. बळ जिथे होते तिथेच वर्म होते. घर हजारो किलोमीटर दूर, दारूगोळा संपत आलेला. लँग्सडॉर्फ मोन्टेव्हिडिओ बंदरात शिरला त्यामागे हे सारे होते.

पुढची कथा चित्रपटात रंगवून येते. बाहेर मोठी ब्रिटिश जहाजे येऊन थांबली आहेत अशी हूल उठवली गेली. प्रत्यक्षात ती शेकडो मैल दूर होती आणि मदतीला पोचली होती ती ‘कम्बरलँड’ ही एक क्रूझर. १७ डिसेंबरला लँग्सडॉर्फने आपले जहाज बंदराबाहेर नेऊन स्वतःच उडवून दिले. हूल परिणामकारक ठरली हे खरे, पण ती पटली याचे कारण जहाज आधीच अधू झाले होते. चित्रपट पाहून मुलांच्या लक्षात राहते ती हूल. मोडके तेलशुद्धी यंत्र लक्षात राहणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

वेगाची किंमत

‘ग्राफ स्पे’च्या जातीची गोष्ट प्लेट नदीपाशी संपत नाही. किंबहुना मोठी गोष्ट तिच्यापासून सुरू होते. या जर्मन जहाजांना पकडू शकेल असे वेगवान आणि त्यांना भारी पडेल असे बलवान जहाज फ्रान्सला हवे झाले. म्हणून १९३२ मध्ये ‘डंकर्क’ या २६,५०० टनांच्या, २९ नॉटहून अधिक वेगाच्या बॅटलशिपची बांधणी सुरू झाली. तिला उत्तर म्हणून इटलीने १९३४ मध्ये दोन बॅटलशिप हाती घेतल्या. जर्मनीने ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘नायसेनाउ’ बांधल्या. मग ब्रिटन आणि अमेरिका यांनीही नव्या पिढीची जहाजे काढली. कराराच्या काळातील वेगवान बॅटलशिप म्हणतात त्या याच.

या जहाजांच्या आराखड्यातली अडचण एका तुलनेतून कळते. ब्रिटनची ‘नेल्सन’ १९२७ ची. वजन ३५,००० टनांच्या आत, ४०६ मिलिमीटरच्या नऊ तोफा, वेग २३ नॉट, इंजिनांची ताकद ४५,००० अश्वशक्ती. ‘किंग जॉर्ज पंचम’ १९४० ची. कागदावर मर्यादा तीच ३५,००० टनांची, ३५६ मिलिमीटरच्या दहा तोफा, वेग २८ नॉट, आणि ताकद १,१०,००० अश्वशक्ती. पाच नॉट वेग वाढवण्यासाठी, म्हणजे वेग सुमारे एकपंचमांश वाढवण्यासाठी, ताकद जवळजवळ अडीचपट करावी लागली!

हे असे का? पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताकद म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढायला हवी. २८ भागिले २३ याचा घन येतो १.८. मग अडीचपट का? कारण वेगवान जहाज पुढे ढकललेल्या पाण्याच्या लाटा उभ्या करते, आणि एका मर्यादेपलीकडे बरीचशी ताकद त्या लाटा उठवण्यातच खर्च होते. त्यावर उपाय म्हणजे जहाज लांब आणि निमुळते करणे. पण लांब जहाजाला लांब चिलखत लागते, आणि चिलखत जड. तोफा लहान झाल्या त्यामागे आणखी एक कारण होते. १९३६ च्या दुसऱ्या लंडन करारात ३५६ मिलिमीटरची मर्यादा सुचवली होती आणि ती सर्वजण पाळतील अशी ब्रिटनला आशा होती. जपानने ती मान्य केली नाही, आणि मग अमेरिकेने आपल्या ‘नॉर्थ कॅरोलिना’ वर्गाला ४०६ मिलिमीटरच्या तोफा दिल्या. ब्रिटनच्या जहाजांवर लहान तोफा राहिल्या.

इटली आणि जर्मनी यांनी मात्र इथेही मापात पाप केले. ‘बिस्मार्क’चे वजन ३५,००० सांगितले गेले, ते ४१,००० च्या वर होते. मर्यादा पाळणाऱ्याला वेग, तोफा आणि चिलखत यांत रोज काटकसर करावी लागत होती, मोडणाऱ्याला तेवढी नव्हती. तरीही २७ मे १९४१ रोजी ‘बिस्मार्क’ बुडाली. एका लहानशा विमानाच्या टॉर्पेडोने तिचे सुकाणू अडकले आणि मग ‘रॉडनी’ व ‘किंग जॉर्ज पंचम’ यांनी तिला गाठले. सहा हजार टनांचे पाप कामी आले नाही.

युद्धात या वेगवान बॅटलशिपचे काय झाले? बॅटलशिपशी बॅटलशिपने लढायचे या हिशेबाने त्या बांधल्या, पण अशा लढाया मोजक्याच झाल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वादालकनालजवळ रात्रीच्या अंधारात ‘वॉशिंग्टन’ने रडारच्या आधारे जपानची ‘किरिशिमा’ बुडवली. २६ डिसेंबर १९४३ रोजी ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ने नॉर्वेच्या उत्तरेला ‘शार्नहॉर्स्ट’ला गाठले, आणि चित्रपटात ‘एक्झिटर’ झालेली ‘जमेका’ त्या लढाईत होती. परंतु त्याआधीच, १० डिसेंबर १९४१ रोजी, मलायाजवळ जपानी विमानांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही दोन्ही जहाजे बुडवली होती. ८४० माणसे गेली. ज्या धोक्यासाठी इतके सूक्ष्म हिशेब केले तो धोका बाजूला राहिला आणि आकाशातून दुसराच आला. यानंतर या जहाजांचा मोठा उपयोग झाला तो विमानवाहू जहाजांना सोबत करून विमाने पाडण्यासाठी आणि किनाऱ्यांवर मारा करण्यासाठी. विमानवाहू जहाजांबरोबर राहायचे तर वेग लागतो, आणि तो त्यांच्याकडे होता. महागात घेतलेला वेग वेगळ्याच कामी आला.

वर्गात काय करावे

हा चित्रपट दाखवण्याची सोय असेल तर जरूर दाखवावा. त्याआधी किंवा नंतर दोन प्रयोग करावेत. पहिला तरंगण्याचा. प्रत्येक गटाला एकसारखा पत्र्याचा डबा द्यावा आणि ५०० ग्रॅम भार. नट-बोल्ट म्हणजे तोफा, ओल्या मातीचा थर म्हणजे चिलखत, वाळूची पुरचुंडी म्हणजे इंजिन. भार ५०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. प्रत्येक गटाने आपली वाटणी का तशी केली हे फळ्यावर लिहावे. कुणाचाही डबा सगळ्या बाबतीत श्रेष्ठ ठरत नाही, हे मुलांना आपोआप दिसते.

दुसरा प्रयोग वेगाचा. जनावरांना पाणी पाजायच्या लांब टाक्यात लाकडाची एक होडी सोडावी. तिला दोरा बांधून तो कप्पीवरून खाली सोडावा आणि टोकाला वजन टांगावे. वजन दुप्पट केले तर वेग दुप्पट होतो का, ते घड्याळ लावून पाहावे. होत नाही. दुप्पट वेगासाठी साधारण चौपट वजन टांगावे लागते. होडी फार वेगात गेली तर त्याहूनही अधिक. कुणाच्या घरी डोंगा चालवणारे असतील तर त्यांना वर्गात बोलवावे. भरलेल्या डोंग्याबद्दल ते जे सांगतील ते आमच्या सूत्रांहून कमी शास्त्रीय नसेल.

‘सर्वांत शक्तिशाली जहाज कोणते?’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि बाजारात मिळणारी सामान्यज्ञानाची पुस्तके त्याला तोफेच्या व्यासाचा तक्ता देऊन उत्तर देतात. चित्रपटाचा राक्षस-बटू देखावा त्याच सवयीला खतपाणी घालतो. शिक्षकांनी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यावे: कुठल्या कामासाठी? किती वजनात? आणि ते वजन खरे कुणी सांगितले?

जे पडद्यावर आले नाही

चित्रपट जहाजाच्या स्फोटानंतर थोड्याच वेळात, लँग्सडॉर्फ आणि डव्ह यांच्या भेटीवर संपतो. पुढचे तो दाखवत नाही. आपल्या खलाशांची सोय लावून झाल्यावर, २० डिसेंबर १९३९ रोजी लँग्सडॉर्फने ब्युनॉस आयर्समध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. लढाईत ब्रिटिशांकडील ७२ आणि जर्मनांकडील ३६ माणसे मेली होती. त्यांत ‘अकिलिस’वरचे चौघे होते. तोफांचा नेम धरणाऱ्या मनोऱ्यात काम करताना गोळ्याच्या कपच्यांनी ते मारले गेले. तो मनोरा पातळ पत्र्याचा होता, कारण जाड पोलादाइतके वजन उंचावर परवडत नव्हते. वजनाची वाटणी करताना जिथे पोलाद कमी पडते तिथे माणसे उभी असतात, हे मोठ्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

करार अपुरे ठरले, युद्ध टळले नाही. तरी ते निरुपयोगी होते असे आम्ही म्हणणार नाही. १९२२ पासून सुमारे चौदा वर्षे त्यांनी बॅटलशिपच्या स्पर्धेला लगाम घातला, आणि मर्यादा असली की अभियंत्याची बुद्धी किती पुढे जाते हेही दाखवले. ते मोडले ते मर्यादा कडक होती म्हणून नव्हे. सांगितलेले वजन आणि खरे वजन यांत अंतर पडू लागले, ते तपासण्याची सोय कुणाकडे नव्हती, आणि शेजारी एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास ठेवीनासे झाले. मोजमापाचा धडा शिकवताना आपण अचूकपणाबद्दल बोलतो, प्रामाणिकपणाबद्दल क्वचितच. या चित्रपटाच्या निमित्ताने दोन्हींबद्दल एका तासात बोलता येईल.

‘दिल्ली’ मोडीत निघाली, पण तिचा एक टरेट न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नौदल तळावर जपून ठेवला आहे. बाकीची ती याच चित्रपटात उरली आहे, चालती, वळती, तोफा डागती. चित्रपट थांबवून मुलांना तिच्याकडे नीट पाहायला सांगावे आणि टरेट, तोफा व धुराडी मोजायला लावावीत. त्या मोजणीतून मुलांनी विचारलेला पहिला ‘असे का?’ हा चित्रपटातल्या सगळ्या संवादांहून उपयोगी ठरेल.